तवसाळचा उतार

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

अर्धी रजा टाकून स्कूटीने जयगडला गेले, तिथून फेरीबोटीने पलीकडे तवसाळला. रविवारी आमच्या सायकलफेरीचा शेवटचा टप्पा हाच, म्हणून बघून आले.

तवसाळच्या उतारावर काम निघालंय. तिसऱ्या वळणावर रस्ताभर बारीक खडी. स्कूटीचं चाकसुद्धा सरकलं! सायकलवरून उतरून, हातात धरून चाललं तर काही नाही.

ग्रुपवर लिहायला घेतलं आणि पुसलं. विनीतला मुळात हा रूट नकोच आहे. खडी म्हटलं की लगेच — 'मग सावर्ड्यावरून हायवेने जाऊ.' हायवेने! ट्रकच्या मागून! दोन महिने खपून आखलाय मी हा रस्ता. मुरुड ते मांडवी, दोन खाड्या, जुनी देवळं, दर्गे, बंदरं. उतारापाशी पोचल्यावर तोंडी सांगेन.

शनिवार, ११ जानेवारी, गुहागर

आज मुरुडहून निघालो. मी, विनीत आणि फुजैलभाई. दाभोळची खाडी ओलांडून संध्याकाळी इथे. पाय मोडलेत, पण काय दिवस होता!

फुजैलभाई चढावर आमच्या पुढे. पंचेचाळिशीचा माणूस! 'वीस वर्षं कुवेतात सपाट रस्ते बघितले, बाई. चढ म्हणजे काय तेच विसरलेलो.' त्यांची इरम माझ्या वर्गात, नववीत. म्हणून मी त्यांचीही बाई. प्रत्येक गावात थांबतात, कुणाशीही बोलतात. एका मशिदीच्या खांबावरची लाकडी वेलबुट्टी दाखवली — मी इतक्या वेळा त्या गावातून गेलेय, कधी आत डोकावले नव्हते.

विनीतसुद्धा म्हणाला, 'रूट झकास आहे हं.' दातांचा डॉक्टर, सहसा कौतुक करत नाही!

रविवार, १२ जानेवारी

फुजैलभाई पडले. हॉस्पिटलात आहेत. आज लिहवत नाही.

सोमवार, १३ जानेवारी

लिहिते. इथे तरी खरं लिहिते.

हेदवीला देवळात मीच वेळ घालवला. तवसाळच्या माथ्यावर आलो तेव्हा खाली बोट लागलेली दिसत होती. ही चुकली तर उन्हात बसावं लागणार. फुजैलभाई म्हणाले, 'बाई, मी पुढे होतो. बोट थांबवून धरतो!' आणि सोडली सायकल.

माझं तोंड उघडलं होतं. दोनच शब्द — खडी आहे. विनीत माझ्या शेजारी होता. ओरडले असते तर त्याला कळलं असतं की मला गुरुवारीच ठाऊक होतं. मनात आलं, दिसेल की त्यांना.

नाही ओरडले.

तिसऱ्या वळणावर सायकल आडवी. ते रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या गडग्याला लागून पडलेले. हेल्मेट शाबूत. डोळे उघडे. 'बाई, पाय कुठे गेले माझे?'

मागून मासळीचा टेम्पो आला. त्यातल्या फळीवर घालून बोटीवर नेलं. बोट थांबली होती. माणसं बाजूला झाली, कुणी टॉवेल ओला करून दिला. पलीकडे जयगडला ॲम्ब्युलन्स.

बोटीवरच विनीतने विचारलं, 'तू गुरुवारी आली होतीस ना? तेव्हा खडी नव्हती?'

'नव्हती.'

इतक्या सहज! आधीपासून ठरवून ठेवल्यासारखं.

बुधवार, १५ जानेवारी

मानेचं हाड. छातीखाली काही कळत नाही त्यांना. हात थोडे हलतात. डॉक्टर म्हणाले, बघू. सगळे डॉक्टर 'बघू' म्हणतात तेव्हा काय असतं ते मला माहीत आहे.

त्यांची बायको हमिदा बाकावर बसून होती. तिचं माहेर मुरुडकडे, तिथे आता कुणी नाही. दीर दोघे कुवेतात. मला बघून उठली. 'बाई, तुम्ही होतात म्हणून जित्ते आणलेत त्यांना.' आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. 'तुम्ही काय खाल्लेलं दिसत नाय.'

खाल्ली. नाही कशी म्हणू?

शुक्रवार, १७ जानेवारी

पोलिसांनी जबाब घेतला. गुरुवारी रस्ता साफ होता असं सांगितलं. सही केली.

संध्याकाळी विनीतचा फोन. त्या कामावरचा मुकादम, रघू नाव, त्याला चौकीवर बसवून ठेवलंय. तो म्हणतो, खडी सोमवारपासून होती, येणारे-जाणारे सगळे बघत होते. विनीत म्हणाला, 'खोटारडा! आपली बाई गुरुवारी स्वतः जाऊन आली, म्हटलं मी त्यांना.'

आपली बाई.

शनिवार, १८ जानेवारी

आज सांगितलं फुजैलभाईंना. हमिदा नमाजाला बाहेर गेली होती. मी त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं — गुरुवार, पुसलेला मेसेज, माथ्यावर गप्प राहिले ती वेळ, रघू. म्हटलं, आता हमिदाला सांगते, मग चौकीवर जाते.

त्यांनी नजर छताकडे वळवली. मला वाटलं थुंकतील तोंडावर. थुंकायला हवं होतं.

'हमिदाला नको,' म्हणाले.

'का?'

'तुम्हाला दारात उभी नाय करायची ती मग. आणि तिला तर कुणीतरी लागेल.' श्वास लागला, थांबले. 'त्या मुकादमाचं मी बघतो.'

'फुजैलभाई, माफ —'

'ते नका बोलू, बाई. ते माझ्याच्याने व्हायचं नाय.'

रविवार, १९ जानेवारी

जमादार आला. फुजैलभाईंनी जबाब दिला. मी, हमिदा, विनीत — सगळे खाटेभोवती. 'खडी आधीपासून होती. बाईंनी सांगितलेलं मला. त्या रस्ता साफ होता म्हणाल्या ते माझा दोष झाकायला. मुकादमाला सोडा. मीच जोरात गेलो.'

विनीत माझ्याकडे बघत राहिला. मी खाली.

आणि हमिदा! आठ दिवसांत आवाज चढला नव्हता तिचा. 'सांगून ऐकलं नाय तुम्ही? इरमचा विचार आला नाय? लहान पोर हाव की काय! बोट चुकली असती तर मेलं असतं कोण?' हलता न येणाऱ्या माणसाला बोल बोल बोलली. शेवटी रडायला लागली. ते डोळे मिटून ऐकत होते. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

मी हमिदाची पाठ थोपटत होते. मी!

सोमवार, २० जानेवारी

रघूला सोडलं. विनीत म्हणाला, 'मला तरी खरं सांगायचंस.' त्याला वाटतंय त्याला आता खरं कळलं.

रविवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. इरम आली होती. कुणीतरी तिला विचारलं, पप्पा कसे पडले? 'बाई नको म्हणत होत्या तरी गेले,' म्हणाली.

रविवार, २ फेब्रुवारी

ताप उतरत नाही. छातीत कफ, खोकता येत नाही. हमिदा अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही. पाणी पाजते, पुसते, कूस बदलते — पण बोलत नाही. आज त्यांनी मला विचारलं, 'रागवलीय अजून?' म्हटलं, नाही. त्यांना कळलं खोटं आहे ते.

मी बोलले तर त्यांचा शब्द मोडतो. नाही बोलले तर ही अशीच राहते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पहाटे गेले.

दुपारी पुरुषमाणसं मय्यत घेऊन गेली. बायका आतल्या खोलीत. हमिदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. हळूच म्हणाली, 'शेवटपर्यंत बोलले नाय मी त्यांच्याशी. पण तुम्ही त्यांना खडीचं सांगितलेलं ना, बाई? सांगितलेलं ना?'

'नाही,' म्हटलं मी. 'नव्हतं सांगितलं.'

तिने डोकं उचललं.