वारुळावरच्या अळंबीची वही

मस्कत, ९ ऑगस्ट

प्रिय हाजरा,

तुला आणि अम्माला सलाम. मी खुशाल हाय.

माझ्या खोलीतला अदनान सुट्टीवर रोह्याला येतोय, त्याच्या हाती अळंबीच्या फोटोंची वही पाठवलीय. पानं मी कापली, शिवण मी घातली, पुठ्ठा मी चढवला. एकशे बारा फोटोंखाली नावंही मीच लिहिली, कुणाला न विचारता. तीन ठिकाणी मात्र 'ओळख पटली नाय' असं लिहिलंय.

पान चाळीस बघ. जित्याच्या माळावरचं वारूळ आणि कडेला तुझी चप्पल. त्या दिवशी तू ओरडलीस, "फोटो मागाहून काढा, आधी टोपलीत घाला! पाऊस थांबणार हाय का तुमच्यासाठी?" पण विषारी तर नाय ना, हे देठ मुळापर्यंत उकरून बघितल्याशिवाय मी हात लावू दिला नाय. त्या कालवणाची चव अजून जिभेवर हाय.

यंदा तिथं उगवली का? अम्माचे गुडघे कसे हायत?

एक सांगायचं राहिलं. वडखळच्या एका रिसॉर्टवाल्यानं नोकरीला बोलावलं होतं. मला घरी राहता आलं असतं. पण पाहुणे रानातून फोटो पाठवणार आणि अळंबी खायची का नाय, ते मी फोटोवरूनच सांगायचं. फोटोला वास नसतो, देठाचं मूळ दिसत नाय. मी नाय म्हटलं. रागावू नकोस. महिना पंचेचाळीस हजार देत होता.

तुझाच,
याकूब