दारानं श्वास रोखला

सर, आज नववीच्या वर्गात चेतनगुणोक्ती शिकवली आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. तुम्ही असता तर सरळ वैजापूरची गाडी धरली असती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही अडलं की मी अजून तुमच्याच दारात जाऊन उभी राहते.

तुमची शिकवायची रीतच वेगळी होती. ओळ वाचून झाली की आम्ही हुशारी दाखवायला ओरडायचो, "उपमा! रूपक!" आणि तुम्ही डाफरायचात, "नाव मागून सांगा रे. आधी सांगा, कुठं लागलं?" मग कुणी छातीवर हात ठेवायचं, कुणी पोटावर. एकदा तुम्ही निर्जीव वस्तूला जीव देणारं वाक्य मागितलंत आणि मी उभी राहून म्हणाले, "आमची चूल दोन दिसांपासून रुसलीय." सगळा वर्ग खो खो हसला. तुम्ही हसला नाहीत, अलंकाराचं नावही विचारलं नाहीत. मधल्या सुट्टीत म्हणालात, "चल गं, घरी जेवायला." अजून डोळ्यांसमोर आहे, तुमच्या घरी काकू तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात टाकतात, "लई वाळलीस गं, खा पोटभर" म्हणतात, आणि तुम्ही समोर गप्प बसून आहात. आई भांडून माहेरी निघून गेली होती. ती आता येत नाही, असं मला वाटत होतं.

आज मीही वर्गात उदाहरण मागितलं. मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी उठली. म्हणाली, "बाबा घरी आले की आमचं दार श्वास रोखतं." मला काय आनंद झाला, सर! टाळ्या वाजवायला लावल्या, वाक्य फळ्यावर लिहिलं, सगळ्यांना उतरवून घ्यायला सांगितलं. परीक्षेत असं लिहा, पूर्ण गुण, असंही वर सांगितलं. कुठं लागलं, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.

शाळा सुटल्यावर ती फळा पुसत थांबली. पाळी तिची नव्हती. "राहू दे गं, उशीर होईल," मी म्हटलं. "होऊ द्या ना, मॅडम," ती म्हणाली आणि पुसलेला फळा पुन्हा पुसायला लागली. मी पर्स उचलून निघाले. घरी पोळ्या लाटताना ते वाक्य एकदम आठवलं आणि पिठाचा हात तसाच पोटाशी गेला.

उद्या तिला विचारणार आहे. मुख्याध्यापिका म्हणतील, कुणाच्या घरच्या भानगडीत पडू नका. तिचे वडील शाळेत येऊन तमाशा करतील. ती स्वतःच कानांवर हात ठेवील. भीती वाटते मला, पण विचारणार आहे.

हे पत्र कुठं टाकायचं, ते मला ठाऊक नाही. तुम्ही काही न विचारता जेवू घातलंत, याचं मी आजवर सगळ्यांकडं कौतुक केलं. खरं सांगू, सर? त्या दिवशी मी एकेक घास मुद्दाम चघळत बसले होते. तुम्ही विचाराल म्हणून.