झेडच्या पलीकडचा झुबेर

३ नोव्हेंबर

अम्मी सकाळपासून मोबाईल घेऊन बसलीय. शेजारच्या रुबिनाआपानं खबर दिली — सास्तूरचा झुबेर, तुळजापुरात ठिबकचं दुकान, लग्नाच्या अ‍ॅपवर नाव घातलंय, उझमासाठी बघा. उझमा म्हणजे मी. अम्मीनं सगळी यादी खाली-वर केली. "यूसुफपर्यंत दिसतंय गं. पुढं कुणीच न्हाय."

चहा ओतता ओतता थांबले. ते अ‍ॅप ज्या डेटाबेसवर चालतं, त्यातून नावं काढून देणारी लायब्ररी, म्हणजे कोडचा तयार संच, मीच लिहिलीय. कंपनी पुण्याची, मी अणदूरच्या गच्चीवरच्या खोलीत.

अम्मीला म्हटलं, नशिबात नसेल. मला एवढ्यात लग्न करायचंच नाहीये!

४ नोव्हेंबर

गफलत सापडली. अर्थात माझीच.

नावं बऱ्याच मशिनींवर विखुरलेली असतात, म्हणून अ‍ॅप ती इंग्रजी अक्षरांच्या पट्ट्या पाडून मागतं. ए ते बी, बी ते सी. माझ्या लायब्ररीत पट्टीची सुरुवात आत, शेवट बाहेर. शेवट पुढच्या पट्टीत मोजायचा. आमच्या शिवारात बांधाचंही असंच — उगवतीचा बांध आपला, मावळतीचा शेजाऱ्याचा. एक बांध दोघांचा होत नाही, मग भांडणही नाही.

पण शेवटची पट्टी वाय ते झेड. झेड बाहेर! आणि पुढं पट्टीच नाही. "इथून पार शेवटपर्यंत" असं सांगायची सोयच मी ठेवली नव्हती. शेवट रिकामा सोडला की लायब्ररी चूक दाखवते. नावं पुसताना चुकून कुणी सगळीच पुसू नये म्हणून मीच तसं केलं होतं. फार शहाणपणा वाटला होता तेव्हा.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. उद्या करीन. घाई कुणाला आहे?

५ नोव्हेंबर

नाही केली.

६ नोव्हेंबर

तक्रार आली. आमच्याकडं ज्यानं कोड लिहिला त्यानंच तक्रारीला उत्तर द्यायचं असतं. तक्रारदार — झुबेर, सास्तूर.

"महिना झाला नाव घालून. अजून एकाही मुलीनं नकार दिलेला नाही. नक्की काहीतरी बिघडलंय."

एकटीच हसत बसले. अब्बा खालून विचारत होते, काय झालं. काही नाही म्हटलं, ऑफिसचं काम.

७ नोव्हेंबर

राजशेखर सरांचा पुण्याहून फोन. ते माझे वरिष्ठ. "शेवटच्या पट्टीत झेडपण आत घ्या ना. एका अक्षराचा तर प्रश्न आहे."

त्यानं काही होणार नव्हतं. शब्दकोशात नुसतं झेड आधी येतं, झेडवरून सुरू होणारी नावं त्यानंतर. म्हणजे झेड आत घेतलं तरी ज्याचं नावच फक्त "झेड" आहे, तेवढाच दिसणार. हे सांगायला हवं होतं. "बरं सर" म्हणाले आणि सांगितलं तस्सं केलं.

झेड नावाचा नवरदेव निघाला नाही. सर बुचकळ्यात. मला आणखी थोडे दिवस मिळाले.

१० नोव्हेंबर

झुबेरला बांधाचं उदाहरण देऊन कळवलं. त्याचं उत्तर — "म्हणजे मी शेवटच्या बांधाच्या पलीकडं, ओढ्यात पडलोय. काढायला कुणी येणार, का पोहायला शिकू?"

तक्रार पुढं न्यायला माझं नाव मागितलं. दिलं, गावासकट. गाव त्यानं मागितलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर

त्याचा फोटो पाहिला. तपासणीसाठी. जेवण झाल्यावर पुन्हा तपासणी केली.

आता खरी पंचाईत. दुरुस्ती अ‍ॅपवर चढवली की तो मलाच नाही, जिल्ह्यातल्या सगळ्या अम्म्यांना दिसणार. दुकान आहे, तोंडात गुटखा नाही, वर बोलतो असा. दोन दिवसांत उचलतील.

मला तो आवडलाय. लिहून टाकलं एकदाचं.

१३ नोव्हेंबर

आणखी एक तक्रार. झरीना, वाशी. "माझं नाव दिसत नाही म्हणून घरचे म्हणतात, तुझ्यातच खोट असेल."

हसू पार गेलं. माझ्या खोडीपायी ही पोरगी घरात बोलणी खातेय. लाज वाटली मला. झुबेर कुणाच्या नशिबात असेल त्याच्या असो.

१४ नोव्हेंबर

दुरुस्ती अ‍ॅपवर चढवली. रिकामा शेवट तसाच बंद ठेवला, पण "शेवट नाही" असं सांगायला वेगळी खूण केली. आता पार टोकापर्यंत मागता येतं आणि चुकून मागता येत नाही. सरांनाही खरं कारण सांगितलं, झुबेरचं सोडून. ते म्हणाले, "मग त्या दिवशी बरं सर कशाला म्हणालात?"

झरीनाला माफी मागून कळवलं. नमाज पढून झोपले, पण डोळा लागेना.

१५ नोव्हेंबर

अम्मीनं अ‍ॅप उघडलं. झहीर, झाकीर, झिया. "झुबेर न्हाय की गं यात!"

पळत वर जाऊन पाहिलं. पट्टी बरोबर आहे. त्यानंच सकाळी नाव काढून टाकलंय. कारण म्हणून लिहिलंय — मुलगी पसंत पडली.

एका रात्रीत? रडू आलं. वर राग की, ओढ्यातून बाहेर मीच काढला.

१६ नोव्हेंबर

दारात सास्तूरची जीप. अम्मी खालून हाका मारतेय, ओढणी नीट घेऊन ये म्हणून. एक अनोळखी बाई तिला विचारतायत, "तक्रारी लिहून घेणारी पोरगी तुमचीच ना?"