उजवीकडे धरलेली दुर्बीण

अहो,

तुम्हाला पत्रातला साष्टांग नमस्कार आवडत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

मी सुखरूप आहे. नवे बूट चावत नाहीत आणि धाकटी लेक माझा हात सोडत नाही. तुम्ही गुडघा शेकताय ना? की नुसतंच ‘हो हो’?

आज ओहोटीला किनाऱ्याने खूप चाललो. गाइडने तोंडावर बोट ठेवून खडकावरचे सील दाखवले. जेवण झालं की तुम्ही आरामखुर्चीत पसरता ना, अगदी तस्से! एकाने तर पोटही खाजवलं. मला हसू आवरेना.

त्या हसण्याच्या भरात मी सवयीने दुर्बीण उजवीकडे धरली आणि म्हटलं, "अहो, बघा तरी!" शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी ती घेतली, निवांत बघितलं आणि "थँक्यू" म्हणून परत दिली. लेक तोंड फिरवून उभी राहिली.

तुमचे गुडघे धड होते तेव्हा आधी पोरींची शिक्षणं आली, मग घराचा रंग. दरवर्षी आपण म्हणायचो, समुद्र काय पळून जातोय?

नाही हो पळाला. इथेच होता.

शेक घेतल्याशिवाय झोपू नका.

तुमची,
मी