चादर बदलायला चार वर्षं

तीर्थरूप ताईस,

कंबर वाकते तितका वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. आम्ही सारे ठणठणीत आहोत (मी सोडून, पण ते पुढे येईलच).

आमच्या कन्यारत्नाने बारावीनंतर नर्स व्हायचं ठरवलं आहे. मार्ग तीन : दोन वर्षांचा कोर्स, तीन वर्षांचा डिप्लोमा, नाहीतर चार वर्षांची पदवी. तिला पदवीच हवी. ताप बघायला चार वर्षं कशाला लागतात, हे विचारायला मी तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. (तू एवढी निवृत्त मेट्रन, तुलाच विचारता आलं असतं; पण तू उत्तर दिलं असतंस.)

तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "या, जरा आत या." आत पलंगावर रबरी पेशंट निजलेला. त्याला न उठवता खालची चादर बदलायची. हात्तिच्या, म्हणून मी चादर ओढली, तर पेशंट पलीकडून थेट जमिनीवर आणि डोकं (त्याचं) कपाटाखाली. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. शेजारच्या टेबलावर एक मुलगी संत्र्याला इंजेक्शन टोचत होती. सुई सालीत शिरली आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

शुद्धीवर आलो तो त्याच पलंगावर, पाय दोन उशांवर, कॉलर सैल, भोवती आठ मुली. आपली पोर माझी नाडी मोजत होती. मी तोंड उघडलं, तर म्हणते, "बाबा, गप्प. आकडा चुकतो." बाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं? "आत्याने. सहावीत असताना." मग त्या मुलींनी मला न उठवता माझ्याखालची चादर बदलली. ताई, मला कळलंसुद्धा नाही. चार वर्षांच्या फॉर्मवर मी आडव्यानेच सही केली.

येताना तुझ्या दारावरूनच आलो. वर चढलो नाही, कारण कपाळावर टेंगूळ होतं. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
आडवा झाल्यावर शहाणा झालेला भाऊ

ता. क. : कॉलेजचं वसतिगृह भरलं आहे. तुझं घर तिथून पायी दहा मिनिटं. पत्राचं कारण खरं म्हणजे एवढंच.

आणखी एक ता. क. : हो म्हणणार असशील, तर पुढचं वाचू नकोस. तुझं नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र पहिल्या वर्षी पोस्टात गहाळ झालं नव्हतं. मी नऊ वर्षांचा होतो. तू गेलीस तर माझा अभ्यास कोण घेणार, म्हणून मी ते भूगोलाच्या पुस्तकात लपवलं. तुझं अख्खं वर्ष घरी गेलं. मी मात्र त्या वर्षी गणितात पहिला आलो.