अब्बांच्या शेजारची सीट

प्रिय शाहिस्ता,

काल फोनवर तू म्हणालीस, शिफाला रविवारच्या जोतिबाच्या रॅलीत नानाजींच्या शेजारी पुढच्या सीटवर बसायचंय, आणि मी नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. तुला राग आला असणार. पण तुझे अब्बा तिथंच बसले होते. आत्ता ते खाली फियाट पुसायला गेलेत, तेवढ्यात लिहून घेते. मेसेज केला असता तर तू ऑफिसात घाईघाईनं वाचून तिथूनच यांना फोन लावला असतास. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

अब्बा वारणानगरच्या डेअरीतून निवृत्त झाले आणि या जुन्या गाड्यांच्या क्लबात शिरले, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. माणूस घरात बसून कुढण्यापेक्षा बरं. पण आता रविवार नकोसा वाटतो. कधी मुरगूड, कधी पन्हाळा. पहाटे उठून डबे भरायचे, साडी नीट नेसायची, गाडीच्या रंगाला शोभेल अशी, असं यांचं म्हणणं. आणि मग जाऊन त्या सीटवर बसायचं.

शाहिस्ता, यांना आता बाजूचं दिसत नाही. काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, तेही नळीतून पाहिल्यासारखं. मिरजेच्या डॉक्टरांनी गेलेली नजर परत येणार नाही, गाडी बंद करा, असं स्पष्ट सांगितलं. हे बाहेर आले, चहा घेतला आणि स्वतःच गाडी चालवत कोल्हापूरला आले. तेव्हापासून रस्ता मी बोलते. डावीकडून रिक्षा येतीय, पुढं गतिरोधक, उजवीकडं म्हैस. सगळा रस्ताभर.

गंमत बघ, क्लबात याचंच कौतुक. मोठ्या मोटार शर्यतीत शेजारचा माणूस वळणं सांगतो, तसं आम्ही हौसेनं करतो असं सगळ्यांना वाटतं. अध्यक्ष अमरसिंहांनी तर मागच्या सभेत माईकवरून गर्जना केली, “वैनीस्नी बघून शिका की जरा! आमची मंडळी बसल्या बसल्या घोरत्यात.” आम्हाला उत्कृष्ट जोडी म्हणून ढाल दिली. आता बाकीच्या बायकाही नवऱ्यांना वळणं सांगायला लागल्यात आणि गाडीगाडीत भांडणं चाललीत. मी ढाल कपाटावर ठेवली, अगदी मागे.

गेल्या महिन्यात जोतिबाच्या वाटेवर केर्लीजवळ मला ठसका लागला. एवढंच झालं. तेवढ्यात डाव्या अंगानं एक बाई वैरणीचा भारा घेऊन रस्त्यावर आली. भारा आरशाला घासून गेला, बाई वाचली. यांनी विचारलं, “फांदी हाय काय गं?” मी व्हय म्हणाले. घरी येऊन मी न्हाणीघरात जाऊन रडले. त्या दिवसापासून घसा बसलाय तो उघडतच नाही. काढे घेऊन झाले, हळद-दूध झालं. घशाचं दुखणं नाहीच ते.

मग मी का अडवत नाही, असं तू विचारशील. सप्टेंबरात क्लबनं वाहनमुक्त दिवस पाळला. वर्षभर धूर सोडणारे सगळे टोप्या घालून, घोषणा देत रंकाळ्याभोवती चालले. मला हसू आवरेना. हे माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. दगड आला की अडखळायचे, समोरून कुणी आलं की बिचकायचे. इतका घाबरलेला माणूस मी या घरात पाहिलेला नव्हता. मध्येच थांबून म्हणाले, “गाडीत बसलो की हे समदं इसरायला होतंय बघ, मेहमुदा.” गाडी सोडा हे शब्द तोंडापर्यंत आले होते, ते तसेच गिळले.

पण जोतिबाच्या घाटात माझ्या नातीला त्या सीटवर मी बसू देणार नाही. ती आठ वर्षांची पोर, बाहेर माकडं बघत बसेल. म्हणून हे पत्र. पत्र मिळेल त्याच संध्याकाळी तू यांना फोन कर आणि म्हण, अब्बा, रॅलीत फियाट मला चालवायची आहे. डोळ्यांचा विषय काढू नकोस. लहानपणी करायचीस तसा हट्ट कर, रड हवं तर. ते ओरडतील, तुला क्लच धड दाबता येत नाही म्हणतील, तरी सोडू नकोस. किल्ली काढून घेतली तर तुझे अब्बा मोडून पडतील गं. पण लेकीनं मागितली तर देतील. कुणीतरी मागावी म्हणून ते वाट बघत असतील, असं मला अलीकडं वाटतं. शिफा आणि नानाजी मागे बसू देत. मी पुढं तुझ्या शेजारी बसेन. तुला रस्ता दिसतो, मला काही सांगावं लागणार नाही. केर्ली सोडली की मी डोळे मिटणार आहे. देवळापाशी पोचेपर्यंत मला उठवू नकोस.

तुझीच,
दमलेली अम्मी