लाल दोऱ्याचा दुधी

माझ्या एकुलत्या एका ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (खरंच वाकले होते. कंबरेने परत सरळ व्हायला वेळ लावला, म्हणून पत्राला उशीर.) तुझे गुडघे कसे आहेत? डाव्याला तेल लावतेस, की बाटली उशाशी ठेवून नुसती तिच्याकडे बघत बसतेस? आम्ही सगळे ठीक. सून कामावर जाते, मुलगा शिवणाचं दुकान सांभाळतो, आणि आमचे हे, दुकान त्याच्या हाती दिल्यापासून, रोज सकाळी दहाला तिथे जाऊन त्याच्या काजांना नावं ठेवतात आणि अकराला गोड बोलून घरी पाठवले जातात.

तुझ्या पत्रात एकच ओळ होती, बागेचं काय झालं ते कळव. तर आता हंगाम संपला, वेल वाळून भिंतीला चिकटलेत, म्हणजे सांगायला हरकत नाही. आईच्या दुधीचंही सांगणार आहे, पण क्रमाने. मधली पानं सोडून शेवट वाचू नकोस, तुझी ती सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे. तू होत्या नव्हत्या त्या आठही बिया रुमालाच्या गाठीत बांधून पाठवल्यास, माझ्याने आता वाकवत नाही, आईचं बियाणं आता तूच सांभाळ म्हणालीस, हे मी विसरलेले नाही. विसरले नाही म्हणूनच मुळ्यांपासून सुरुवात करते.

मुळे फसले. उगवले मात्र असे दाट की बघत राहावं! मधले मधले उपटून टाकायचे असतात हे मला कळतं गं, पण इतक्या हौसेने वर आलेल्या पोरांपैकी तू राहा आणि तू जा असं कुणाला सांगायचं? एकालाही हात लावला नाही. दोन महिन्यांनी काढले तेव्हा यांनी एक मुळा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, याहून जाड सुया माझ्या डबीत आहेत. टोमॅटो त्या मानाने बरे. काठ्यांना बांधायला यांच्या जुन्या मापाच्या टेपा कापून घेतल्या होत्या, त्यामुळे झाड किती वाढलं ते बांधल्या जागीच वाचता यायचं. एक झाड चौतीसवर अडलं ते अडलंच. मिरच्या मात्र अशा पिकल्या की विचारू नकोस. सुनेने एक चिरली, तीनदा साबणाने हात धुतले, आणि मग डोळा चोळला. त्या दिवशी ती कामावर गेली नाही. (मला वाईट वाटलं. पण मिरचीचा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.)

पालक गोगलगायींनी खाल्ला. मी रोज सकाळी मगभर वेचायची आणि भिंतीपलीकडे मास्तरीणबाईंच्या अंगणात सोडून द्यायची. (फेकत नव्हते, सोडत होते.) तरी दुसऱ्या दिवशी तेवढ्याच. मला संशय आला, म्हणून यांच्या कापडावर खुणा करायच्या खडूने मी प्रत्येकीच्या पाठीवर एकेक रेघ ओढली आणि मग सोडल्या. ताई, सकाळी सगळ्या परत हजर! माझी रेघ होतीच, आणि तिच्या शेजारी लाल शाईने बरोबरची खूण! बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण तपासायची सवय गेली नाही. त्यानंतर आमचं बोलणं जरा वाढलं. भिंतीवरून मान काढून त्या म्हणायच्या, "आजी, ही बाग आहे की न विंचरलेलं डोकं?" मी म्हणायची, "तुमच्या पोरी इकडे चरायला येतात त्या आधी आवरा."

आता पाणी पी आणि मग पुढचं वाच.

आठांतल्या पाच बिया रुजल्या. तीन वेल तगले. आणि दुधी धरला गं! तसाच, आईचा, मानेशी बारीक आणि खाली भरलेला, अंगावर तीच कोवळी लव. मी सकाळी उठून आधी त्यांच्याकडे जायची, चहा नंतर. आई करायची तसंच केलं. सगळ्यांत देखणे दोन दुधी निवडले आणि बियाण्यासाठी म्हणून देठाला लाल दोरा बांधला. आठवतं ना, आईचा दोरा दिसला की बाबासुद्धा त्या वेलाकडे विळा घेऊन जायचे नाहीत. कधी कुणाला सांगावं लागलं नाही. म्हणून मीही सांगितलं नाही. हौसेच्या भरात एका भरदार वांग्यालाही दोरा बांधला आणि त्या चौतीस मापाच्या झाडावरच्या मोठ्या टोमॅटोलाही. आणि लेकीचं घर बदलायचं होतं म्हणून तिच्याकडे नऊ दिवस राहायला गेले.

दोरा कुठला आणला होता, तर दुकानातल्या रिळाचा. आणि दुकानात त्या दोऱ्याचा अर्थ काय? कपडा शिवून झाला, बटणं लागली, इस्त्री झाली, की गळ्याच्या काजात तो लाल दोरा बांधायचा. म्हणजे काम पूर्ण, गिऱ्हाइकाला द्यायला मोकळा. ज्याला दोरा नाही त्याला कुणी हात लावायचा नाही. पंचेचाळीस वर्षं यांच्या दुकानाचा हाच कायदा. आणि ताई, ते दोरे बांधायचं काम कितीतरी वर्षं मीच करत होते. माझ्याच बोटांनी. तरी वेलाला बांधताना मनात आलं नाही.

मी परत आले तर हे दारातच उभे, चेहरा असा की जणू दुकान नव्याने उघडलंय. तू नसताना एकही दिवस चुकवला नाही म्हणाले, दोरा बांधलेला सगळा माल काढला, पुसला, कागदात गुंडाळला आणि घरोघर पोचवला, कुणाची एक तक्रार नाही. एक दुधी मास्तरीणबाईंना, एक पोस्टमनला, वांगं आणि टोमॅटो इस्त्रीवाल्याला. मी पिशवी तशीच उंबऱ्यात टाकून मास्तरीणबाईंकडे धावले. त्यांनी शिजवला होता. इतका सुरेख दुधी आयुष्यात खाल्ला नाही म्हणाल्या, फक्त बिया फार होत्या, त्या काढून टाकल्या. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती. पहिल्यांदाच त्या बाई माझ्या बागेबद्दल चांगलं बोलत होत्या आणि मी भिंतीला धरून उभी.

मग घरी येऊन मी यांना नको ते बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, तूही विचारू नकोस. हे उठले. आतल्या खोलीत जाऊन जुन्या मशीनवर उशीचा एक अभ्रा शिवायला बसले. शिवला, उसवला, परत शिवला. दोन दिवस तोच अभ्रा. तिसऱ्या दिवशी गुपचूप पोस्टमनच्या घरी जाऊन आले आणि बटणांच्या डबीतून चार बिया माझ्यासमोर ठेवल्या. पांढऱ्या, ओल्या, कोवळ्या. त्या वाळेनात, आठवड्यात काळ्या पडल्या. डबी अजून खिडकीत आहे. एवढी वर्षं एका ताटात जेवलो आणि एवढंसं सांगायचं राहून गेलं, हेच मला जास्त लागतं. राहिलेल्या वेलांवर पुढे फूल आलं, धरलं मात्र काही नाही.

तर अशी बाग. मिरच्या पास, बाकी सगळे नापास, आणि सगळ्यांत खाली मी. तुझ्याकडे मागण्यासारखं काही नाही, तुझ्याकडे आता उरलंय तरी काय, सगळं तर मला दिलंस. तब्येतीला जप. घरातल्या सगळ्यांकडून जे जे सांगायचं असतं ते सगळं सांगितलंय असं समज.

तुझी,
जिला सांभाळायला दिलं ती धाकटी

ता. क. हे आत्ता विचारून गेले, चूक माझी आहे असं ताईंना लिहिलंस ना? मी हो म्हटलं. तू तसं काही समजू नकोस. दोरा मी बांधला.

ता. क. अजून एक. वर बाकी सगळे नापास असं लिहिलं ते अगदी खरं नाही. पाण्याच्या टाकीमागे एक दुधी होता, बिघडलेल्या कॉलरसारखा मुरडलेला. मला त्याची लाज वाटायची म्हणून मी त्याला दोरा बांधला नव्हता. आणि दोरा नाही म्हणून यांनी त्याला बोटही लावलं नाही. तो आता वाळलाय. हलवला की आत काहीतरी वाजल्यासारखं वाटतं. वाजतं की मला वाटतं, ते कळत नाही. आई वाळलेला दुधी कानाशी हलवून, बी तयार झालं किंवा अजून नाही, असं सांगायची तेव्हा तू तिच्याशेजारी बसलेली असायचीस, आणि मला दरवेळी पाणी आणायला पिटाळलेलं असायचं. तो आवाज तुझ्या कानात आहे, माझ्या नाही.

ता. क. हे शेवटचं. आज सकाळी पाहिलं तर त्या मुरडलेल्या दुधीला लाल दोरा. मी यांना विचारलं, हा दोरा तुमचा की माझा? हे म्हणाले, "तुझ्या ताईंचा. त्या येईपर्यंत आपण दोघांनीही हात लावायचा नाही." टाकीजवळ त्यांनी उंच स्टूल आणून ठेवलंय, वर उशी, तोच उसवून परत शिवलेला अभ्रा घातलेली. तुला वाकावं लागणार नाही. तेव्हा ये. आत बी नसलं तर नसो, तोवर तू आलेली असशीलच.